मार खाल्ल्यावर कडक व्हायचं का?

पत्र: ‘मी एका बंदिस्त निवासी विभागात काळजीवाहक आहे. आमच्याकडे बौद्धिक अक्षमता असलेले नऊ तरुण राहतात. काही जण न्यायालयाच्या आदेशाने आलेत, काही आधीच्या संस्थेने हात टेकले म्हणून. दारं कुलूपबंद असतात. गेल्या काही महिन्यांत हाणामाऱ्या फार वाढल्यात. मागच्या रविवारी बहिणीचा फोन कधी येणार यावरून एकाने आमच्या केबिनच्या काचेवर धडका मारल्या. आम्ही तिघं धावलो, झटापटीत माझं मनगट मुरगळलं. दुसऱ्या दिवशी केबिनसमोर जमिनीवर पिवळी पट्टी मारली आणि तिच्या आत कुणी यायचं नाही असा नियम केला. चारच दिवसांत दुसऱ्या एकाने, ज्याने आजवर कुणावर हात उचलला नव्हता, माझ्या सहकाऱ्याच्या अंगावर खुर्ची फेकली. आमच्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो लाड बंद करा, दुसरा म्हणतो बिचारे आहेत, जाऊ द्या. वरिष्ठ म्हणतात, गोळ्या वाढवून घेऊ. मी आधीपासूनच कडक राहायला हवं होतं का? ही माणसं अशीच असतात का? खरं सांगायचं तर मला ड्युटीवर जायची भीती वाटायला लागलीय. नोकरी सोडू का?’

ताई,

आधी मनगट डॉक्टरांना दाखवा आणि इजेची रीतसर नोंद करून घ्या. पत्रात तुम्ही ते अर्ध्या वाक्यात उरकलंय. अशा विभागांत बहुतेकांचं असंच होतं, आपल्याला लागलं हे सांगायचीही लाज वाटते. पण घाबरलेला कर्मचारी एक तर केबिनमध्ये बसून राहतो, नाहीतर बारीकसारीक गोष्टीवरून आवाज चढवतो, आणि दोन्ही बाबतीत पुढची मारामारी जवळ येते. त्यामुळे तुमच्या भीतीबद्दल वरिष्ठांशी बोलणं हे रडगाणं नाही. तो विभागाच्या सुरक्षिततेचाच विषय आहे.

‘ही माणसं अशीच असतात का’ याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ज्याने आजवर कुणाला हात लावला नव्हता, त्याने पिवळी पट्टी आल्यावर चार दिवसांत खुर्ची फेकली. त्याचा बुद्ध्यंक त्या चार दिवसांत बदललेला नाही. बदललं ते भोवतालचं.

इथे छापताना मी तुमचं पत्र बरंच कापलंय. मूळ पत्रात रविवारचा प्रसंग तुम्ही दोन पानं भरून लिहिलाय आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटला. दुपारी तो काचेपाशी आला. ‘ताईचा फोन कधी?’ आतून उत्तर आलं, ‘येईल नंतर.’ तो गेला, परत आला. ‘नंतर म्हटलं ना.’ तिसऱ्यांदा त्याने काच वाजवली तेव्हा कुणी मानही वर केली नाही, कारण रजिस्टर पूर्ण करायचं होतं. चौथ्यांदा त्याने तळहात आपटला. तेव्हा दार उघडलं आणि बाहेर आलेल्या सहकाऱ्याचं पहिलं वाक्य होतं, ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का?’

खरंच कळत नाही, ताई. त्याला घड्याळ वाचता येत नाही हे तुम्हीच पुढच्या पानावर लिहिलंय. ज्याला घड्याळ येत नाही त्याच्यासाठी ‘नंतर’ म्हणजे कधी? दहा मिनिटांनी, उद्या, की कधीच नाही? सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली माणसं, म्हणजे ज्यांचा बुद्ध्यंक ढोबळमानाने ५० ते ७० मध्ये येतो ती, गप्पा छान मारतात. शिव्या अस्खलित देतात, टीव्हीवरची वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवतात. त्यामुळे समोरच्याला वाटतं की याला सगळं समजतंय, हा मुद्दाम करतोय. बोलणं आणि समजणं यांतलं हे अंतर कर्मचाऱ्यांच्या लक्षात येत नाही आणि निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. ‘कळलं का?’ विचारल्यावर तो मान डोलावतो, तीही समजलं म्हणून डोलावत नाही. असल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की सुटका होते, हे तो लहानपणापासून शिकलाय.

आता त्या दुपारी कोण काय शिकलं ते बघा. तो शिकला की हळू विचारलं तर दार उघडत नाही, काच हादरवली की उघडतं. तुमचा चमू शिकला की तिघांनी धावून दाबलं की शांतता होते. दोघांनाही आपापल्या परीने बक्षीस मिळालं, म्हणजे पुढच्या वेळी दोघंही एक पायरी वरून सुरुवात करणार. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने हे चक्र कुटुंबांमध्ये, आईबाप आणि आक्रमक मुलांमध्ये पाहिलं आणि १९८२ मध्ये सविस्तर मांडलं. वॉर्डात ते आणखी वेगाने फिरतं, कारण इथे बघायला बाकीचे आठ जण उभे असतात.

हे चक्र तोडायचं तर काच हादरवण्यापेक्षा सोपा आणि हमखास चालणारा रस्ता त्याच्या हातात द्यावा लागतो. १९८५ मध्ये कार आणि ड्यूरंड या मानसशास्त्रज्ञांनी विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांना मदत किंवा लक्ष हवं असेल तेव्हा म्हणायची साधी वाक्यं शिकवली, आणि आदळआपट घटली. मुलांना जे हवं होतं ते आता त्या वाक्यांनी मिळत होतं. तुमच्याकडे त्याचं रूप अगदी साधं असेल. त्याच्या खोलीत रविवारची पट्टी लावा, तिच्यावर चित्रं क्रमाने: जेवण, झोप, चहा, फोन. झालेल्या गोष्टीवर त्याने स्वतः खूण करायची. आणि फोनचं विचारायला एक कार्ड, जे त्याने काचेवर धरलं की आतल्याने उठून बाहेर यायचंच, रजिस्टर अर्धवट टाकून. पहिले काही आठवडे तो ते कार्ड दिवसात वीसदा दाखवेल. दाखवू दे. खात्री पटली की कमी होईल.

पिवळ्या पट्टीबद्दल मी स्पष्टच बोलतो. ती काढा. एकाच्या वागण्याची शिक्षा तुम्ही नऊ जणांना दिलीत, त्यातल्या आठांनी काहीच केलं नव्हतं. शिवाय ज्या गोष्टीवरून स्फोट झाला, म्हणजे ‘मी विचारतोय आणि कुणी ऐकत नाही’, तीच तुम्ही जमिनीवर रंगवून पक्की केलीत. बंदिस्त विभागांत नियम असेच वाढतात. घटना घडते, घाबरलेल्या अवस्थेत कुणीतरी नियम करतं, काही महिन्यांनी घटना विसरली जाते आणि नियम तेवढा उरतो. तुमच्या विभागातले सगळे नियम एका कागदावर काढा आणि प्रत्येकासमोर लिहा की हा कशामुळे आला आणि कोणासाठी आला. ज्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही तो नियम रहिवाशांना कसा समजावणार?

तुम्हाला वाटेल, दारांना कुलूप आहे म्हटल्यावर वातावरण गुदमरणारं असणारच. तसं नाही. नेदरलँड्समध्ये पेअर फान डर हेल्म, गेर्ट यान स्टाम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंडून ठेवणाऱ्या संस्थांमधल्या गटांचं वातावरण मोजायची प्रश्नावली बनवली, २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती चार गोष्टी विचारते. कर्मचारी आधार देतात का, इथे राहून मी काही शिकतोय का, गटात एकमेकांशी कसं चाललंय, आणि जाच किती आहे. जाच म्हणजे नुसतं कुलूप नव्हे. कारण न सांगता मिळणारा नकार, माणसागणिक बदलणारा नियम, पाणउतारा, आणि ज्याचा शेवट दिसत नाही असा कंटाळा. तेच कुलूप, त्याच भिंती, आणि सकाळच्या पाळीत माणसं मोकळी तर संध्याकाळच्या पाळीत सगळे ताठरलेले, हे तुम्हीही पाहिलं असेल. वातावरण इमारतीपेक्षा पाळीवर जास्त अवलंबून असतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने सांगायला हवी, नाहीतर सगळं खापर कर्मचाऱ्यांवर फुटेल. वातावरण बिघडलं की आक्रमकता वाढते हे जितकं खरं, तितकंच आक्रमकता वाढली की वातावरण बिघडतं हेही खरं. मार खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी मोकळेपणाने हसत नाही. त्यामुळे ‘सुरुवात कुणी केली’ हे शोधत बसू नका. दोन बाजूंपैकी एकीकडे पगार आहे, प्रशिक्षण आहे, किल्ल्या आहेत. पहिलं पाऊल त्या बाजूने टाकायचं, एवढंच.

आता तुमचे दोन तट. मला दोघांचंही पटलेलं नाही. ‘लाड बंद करा’ म्हणणाऱ्यांना वाटतं की मारणारा हिशेब करून मारतो. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी दाखवलंय की समोरच्याचं वागणं त्याच्या ताब्यात आहे असं वाटलं की आपल्याला राग येतो, आणि ताब्यात नाही असं वाटलं की दया येऊन मदत करावीशी वाटते. तुमच्या पहिल्या तटाचा राग तिथून येतो. पण ‘बिचारे’वाल्यांमुळेही नुकसान होतं, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. आज एकाने नको म्हटलेलं उद्या दुसरा गुपचूप देतो, मग परवा पहिला पुन्हा नको म्हणतो तेव्हा तो आपोआप खलनायक ठरतो आणि मार त्याला बसतो. मोकळं वातावरण म्हणजे ढिलं वातावरण नव्हे. रहिवाशांना दिवस कसा जाणार हे ठाऊक हवं, आणि कोणत्याही पाळीत विचारलं तरी उत्तर एकच मिळायला हवं. बोलण्याची ढब ज्याची त्याची असू दे, कुणी हसरा असतो, कुणी गंभीर.

म्हणून हँडओव्हरला ‘आज कोण बिघडला होता’ एवढंच सांगू नका. कोणाला काय कबूल केलंय आणि काय नाकारलंय, कोणत्या शब्दांत, हे पुढच्या पाळीला सांगा. मोडलेली आश्वासनं ही अशा विभागातली सगळ्यात स्वस्त ठिणगी असते, आणि बहुतेकदा मोडणाऱ्याला ती दिल्याचं माहीतही नसतं.

नकार कसा द्यायचा, हेही शिकून घेण्यासारखं आहे. लंडनमध्ये लेन बॉवर्स यांच्या चमूने मनोरुग्णालयांतल्या, आजार एकदम बळावलेल्यांच्या विभागांसाठी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत तयार केली. त्यात नकार मऊ शब्दांत देणं, वाईट बातमी सांगण्याआधी तयारी करणं, रहिवासी आणि कर्मचारी यांनी एकमेकांची थोडी ओळख करून घेणं, अशा दहा साध्या गोष्टी आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ रुग्णालयांतले ३१ वॉर्ड होते. जिथे पद्धत वापरली तिथे भांडणतंटे १५ टक्क्यांनी आणि धरणं-कोंडणं यांसारखे आवर घालायचे उपाय २६ टक्क्यांहून जास्त घटले. हे विभाग तुमच्यासारखे नव्हते, म्हणून तुमच्याकडे तोच आकडा येईल असं नाही. पण बहिणीचा फोन आज येणार नाही हे कळलं असेल तर ते काचेआडून न सांगता शेजारी बसून सांगायला आणि पुढचा वार सांगून त्याच्या पट्टीवर चित्र सरकवायला कोणत्याही मान्यतेची गरज नाही.

प्रत्यक्ष भडका उडतो तेव्हा तिघांनी धावणं थांबवा. एकानेच बोलायचं, शक्यतो ज्याच्याशी त्याचं जमतं त्याने. बाकीच्यांनी इतर रहिवाशांना दुसरीकडे न्यायचं, प्रेक्षक कमी करायचे. थोडं अंतर ठेवून, तिरकं उभं राहायचं, डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, वाक्यं चार शब्दांची. त्या क्षणी समजावणं, धडा शिकवणं, ‘याचे परिणाम होतील’ हे सगळं बंद, तेव्हा त्याच्या कानात काही शिरत नसतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मॅकडॉनेल यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्यांसोबत काम करताना हीच वाट मांडली: समोरच्याची उत्तेजना वाढेल असं आधी आपण काही करायचं नाही. जिवाला धोका असेल आणि धरावंच लागलं, तर प्रशिक्षण असलेल्यांनीच, कमीत कमी वेळ धरायचं. पालथं पाडून पाठीवर भार टाकायचा नाही. श्वास कोंडून माणसं मेलेली आहेत.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. मनोविकार किंवा फिट्स असतील तर औषधाचा विषय वेगळा, तो डॉक्टरांचा. नुसत्या आक्रमकतेसाठी डोस वाढवणार असतील तर २००८ सालचा मनोविकारतज्ज्ञ पीटर टायरर यांचा प्रयोग त्यांच्या कानावर घाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या, आक्रमक पण सायकोसिस (भास-भ्रम होणारा मनोविकार) नसलेल्या ८६ जणांना रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल (ही सायकोसिसवरची औषधं) किंवा नुसती बिनऔषधाची गोळी दिली. आक्रमकता तिन्ही गटांत घटली, आणि सगळ्यात जास्त घटली ती बिनऔषधाच्या गटात. यावरून चालू औषध परस्पर बंद मात्र करू नका, तसं करणं धोक्याचं आहे. आणि डॉक्टर आलेच आहेत तर त्या दोघांचे दात, कान आणि पोट तपासायला सांगा. दाढ ठणकतेय किंवा चार दिवस पोट साफ नाही हे ज्याला नीट सांगता येत नाही, तो ते इतर मार्गांनी सांगतो.

तुमच्या मूळ पत्रात एक वाक्य ओझरतं येऊन गेलंय: ‘रविवारी दुपारी काहीच नसतं, टीव्ही चालू असतो.’ माझा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावर आहे. गेल्या तीन महिन्यांच्या घटना काढा आणि वार, वेळ, जागा, त्याआधीच्या दहा मिनिटांत काय झालं आणि ड्युटीवर कोण होतं हे मांडा. माझा अंदाज आहे की पाळी बदलायची वेळ, रांगेत थांबायची वेळ आणि रिकाम्या दुपारी वर येतील. शेवटचा रकाना नाजूक आहे. तो कुणाला पकडायला वापरलात तर दुसऱ्या दिवसापासून खरी नोंद होणार नाही. याच तक्त्यात असाही एखादा रहिवासी सापडेल, जो कधीच मारत नाही पण प्रत्येक घटनेआधी जवळपास असतो. हळूच एखाद्याला डिवचायचं आणि मग मजा बघायची, कंटाळ्यावरचा तेवढाच एक उपाय त्याला सापडलेला असतो. त्याला काम द्या, खरं काम, ज्यावाचून कुणाचं तरी अडेल असं.

आणि मुख्य म्हणजे नऊ जणांना विचारा. ‘इथे बरं वाटतं का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतील. चेहऱ्यांची चित्रं ठेवा, विभागाचा नकाशा काढा, आणि विचारा: कुठे बसायला आवडतं, कुठे भीती वाटते, रात्री काही लागलं तर कुणाला उठवशील. विचारणारा शक्यतो त्यांच्या ड्युटीवरचा नसावा. उत्तरं ऐकायला जड जातील, काहींत तुमचंही नाव असेल. त्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात बदलून दाखवा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी काही सांगणार नाही.

नोकरीचं म्हणाल तर आज सोडू नका, पण मुदत ठरवा. तक्ता आणि नियमांचा कागद घेऊन वरिष्ठांकडे जा आणि तीन गोष्टी मागा: पिवळी पट्टी काढणं, प्रत्येक घटनेनंतर कर्मचारी आणि रहिवासी दोघांशी वेगवेगळी बैठक, आणि दुखापत झालेल्याला काही दिवस त्या रहिवाशासोबत एकट्याने ड्युटी न देणं. दोन महिन्यांत यातलं काही हललं नाही, तर दुसरी जागा शोधायला लागा, आणि राजीनाम्यात कारण लिहा. ते कारण पुढे कुणाला तरी उपयोगी पडतं.

हे झालं नुसत्या अनास्थेचं. सहकारी रहिवाशांना मारताना, चिडवून मजा घेताना किंवा शिक्षा म्हणून कोंडताना दिसले, तर दोन महिने थांबू नका. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा असाच छळ चालला होता. तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने लेखी तक्रार केली होती, तिच्यावर काही झालं नाही. २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रण दाखवलं, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. ११ कर्मचारी दोषी ठरले, त्यांतल्या सहांना तुरुंगवास झाला. तेव्हा तारीख, वेळ, काय पाहिलं आणि काय ऐकलं एवढंच लिहा, मत लिहू नका, एक प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि आत दाद लागली नाही तर संस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या बाहेरच्या यंत्रणेकडे आणि पोलिसांकडे जा.